शेजारी संघ, पण गाठ दहा वर्षांतून एकदा

गोंदिया, तिरोडा, आमगाव, गोरेगाव ही गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत. येथील महाविद्यालयांतील विद्यार्थी एकाच गाडीने प्रवास करतात, नात्यागोत्यानेही जोडलेले असतात. साहजिकच शेजारच्या महाविद्यालयाशी बास्केटबॉलचा सामना व्हावा आणि तो आपण जिंकावा, ही इच्छा सर्वत्र असते. प्रत्यक्षात असा सामना क्वचितच घडतो. याचे कारण खेळाडूंच्या उत्साहात नसून भाग्यपत्रिकेच्या गणितात आहे.

ही महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडायचा आणि तो आंतरविद्यापीठ स्पर्धेला पाठवायचा, हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू. पुढच्या स्पर्धेची तारीख ठरली की तेथून मागे मोजत यायचे. वाटेत हिवाळी परीक्षा येतात. त्याआधीच्या महिन्यांत उघड्या सिमेंटच्या मैदानावर पावसामुळे खेळता येत नाही. उरतात मोजके दिवस. म्हणून बाद पद्धत सोयीची ठरते.

समजा, वीस संघ आहेत. बाद पद्धतीत एकोणीस सामन्यांत विजेता ठरतो. बारा संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते, उरलेल्या आठांत चार सामने होतात आणि मग सोळांचा नेहमीचा क्रम सुरू होतो. हेच संघ पूर्ण साखळीत खेळविले तर १९० सामने होतील. खेळाची वेळ दहा-दहा मिनिटांच्या चार सत्रांची असली तरी विश्रांती, फाऊल, टाइमआऊट धरून एका सामन्याला दीड तास लागतोच. एका मैदानावर दिवसाला सहा सामने उरकले तरी साखळीला महिनाभराहून अधिक काळ लागेल. बाद पद्धतीत चार दिवस पुरतात.

या काटकसरीची किंमत शेजारी संघ मोजतात. वीस समबल संघांची सोडत निव्वळ चिठ्ठ्यांनी काढल्यास कोणत्याही दोन ठराविक संघांची गाठ पडण्याची शक्यता दहात एक एवढीच असते. पदवीचा अभ्यासक्रम तीन-चार वर्षांचा. तेव्हा विद्यार्थिदशेत हा सामना एकदाही वाट्याला न येणाऱ्यांची संख्याच मोठी असणार. आयोजकांनी दोघांना मुद्दाम पहिल्याच फेरीत समोरासमोर आणले, तर नागपूरपर्यंत सुमारे १३० किलोमीटर येऊन एकाला त्याच दिवशी परत फिरावे लागते. विरुद्ध गटांत ठेवले, तर भेट थेट अंतिम फेरीत. मधला मार्ग म्हणजे बाद पद्धतीने चार संघ निवडून त्यांच्यात साखळी खेळविणे. वीस संघांसाठी त्याला बावीसच सामने लागतात, पण त्याचा लाभ शेवटच्या चारांनाच.

काही शेजाऱ्यांची गाठ तर भाग्यपत्रिकेनेही पडू शकत नाही. २०११ मध्ये चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव आणि गडचिरोलीतील वडसा ही एकाच रेल्वेमार्गावरील जवळची गावे, पण त्यांतील महाविद्यालये तेव्हापासून वेगवेगळ्या स्पर्धांत खेळतात. प्रशासकीय दृष्ट्या निर्णय योग्यच असेल. मैदानाला मात्र जिल्ह्याची सीमा कळत नाही.

बास्केटबॉलच्या माहेरघरीही हे घडले आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात केंटकी आणि लुईव्हिल ही दोन बलाढ्य विद्यापीठे. १९२२ नंतर सहा दशके त्यांनी नियमित हंगामात एकमेकांशी खेळणे टाळले. राष्ट्रीय स्पर्धेच्या सोडतीने २६ मार्च १९८३ रोजी नॉक्सव्हिल येथे त्यांना समोरासमोर आणले आणि जादा वेळेत लुईव्हिलने ८०-६८ असा विजय मिळविला. त्याच वर्षाच्या अखेरीस दोघांत वार्षिक सामना सुरू झाला. त्यासाठी त्यांना कोणत्या स्पर्धेची वाट पाहावी लागली नाही. परस्परांत तारीख ठरविणे पुरेसे होते.

आपल्याकडे विद्यापीठाच्या वेळापत्रकाबाहेर मैत्रीपूर्ण सामन्यांची प्रथा आहेच. एक सामना यांच्या मैदानावर, परतफेडीचा त्यांच्या. त्यासाठी दोन प्राचार्यांची संमती, दोन पंच, गुणलेखक आणि प्रवासखर्च एवढेच लागते. पाऊस ओसरल्यानंतर आणि परीक्षांपूर्वी दोन रविवार तेवढे मोकळे सापडायला हवेत. धानकापणीचा हंगामही साधारण तेव्हाच सुरू होतो आणि शेतकऱ्यांची मुले त्या दिवसांत बांधावर असतात, हे तारीख ठरविताना विसरून चालणार नाही.