सपाट फ्लेक्सवरचं सोनं

वाढदिवस असो, नवरात्र असो, पोहरादेवीची रामनवमीची यात्रा असो की निवडणूक, वाशीमच्या चौकात लागणाऱ्या फलकावरचं नाव सोनेरीच हवं असतं. नुसतं पिवळं चालत नाही. अक्षर फुगीर दिसायला हवं, कडा चमकायला हवी, खाली सावली पडायला हवी. फ्लेक्स छापणाऱ्या यंत्रात मात्र सोनं नसतं. निळी, किरमिजी, पिवळी, काळी अशा शाया तेवढ्या असतात. सोनं घडतं ते डिझायनरच्या संगणकावर, फोटोशॉपमध्ये. या कामाला कारागिरी म्हणायला कोणी तयार नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चकाकी हा मुळात रंगच नाही. गडद तपकिरीला लागून एकदम फिकट पिवळा पट्टा आला की डोळा धातू पाहतो. तोच बदल सावकाश झाला तर वस्तू मातीची वाटते. सोनेरी गोळा करताना हे नीट कळतं. वर्तुळात मध्यापासून पसरणारं ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलत जाणारी छटा, भरायची, पण त्याचा उजळ बिंदू वर डावीकडे सरकवायचा. तिथे जवळपास पांढरा ठिपका, भोवती पिवळा, मग तपकिरी. नवखा माणूस कडेपर्यंत काळोख करून मोकळा होतो. जाणकार खालच्या उजव्या कडेला उजेडाची बारीक कोर ठेवतो, कारण जमिनीवर पडलेला प्रकाश उलटून गोळ्याच्या पोटाला लागतो. ती कोर आली की गोळा मागच्या पडद्यापासून सुटतो.

प्रकाश एकाच ठिकाणाहून आणि वरून येतो, असं आपला मेंदू गृहीत धरतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये साध्या छायांकित वर्तुळांवरून हे दाखवलं : वरून उजळ ती फुगीर वाटतात, खालून उजळ ती खोलगट. फोटोशॉपमधलं ‘ग्लोबल लाइट’ चित्राच्या सगळ्या थरांवरचा (लेयर्सवरचा) उजेड एकाच कोनात ठेवतं, ते याचसाठी. नावावर डावीकडून आणि चौकटीवर उजवीकडून उजेड पडला, तर फलक बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं. उठाव आणि सावली तेव्हा चॅनेलवर हाताने घडवावी लागे. १९९८ मध्ये पाचव्या आवृत्तीत ‘बेव्हल अँड एम्बॉस’सारखे उठावाचे परिणाम थरालाच लावता येऊ लागले.

देवनागरीत हे तंत्र जास्त कस पाहतं. ‘वाशीम’ची अक्षरं वेगवेगळ्या थरांवर ठेवली, तर प्रत्येकाला स्वतःची कडा येते आणि शिरोरेषा सांध्यासांध्यावर तुटलेली दिसते. सगळा शब्द एका थरावर आणला की एकच लांब चकाकी सलग धावते. जाड कान्याला शोभणारा उठाव वेलांटीच्या निमुळत्या टोकाला झेपत नाही. तिथे टोक चेपून जातं. म्हणून आधी सगळ्यात बारीक रेघ बघायची आणि मग उठावाचं माप ठरवायचं.

सपाट पृष्ठभागातून आकार उठवण्याशी या गावाचं नातं जुनं आहे. वाशीम म्हणजे वाकाटक राजघराण्याचं वत्सगुल्म. तिथला राजा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं दान केलं. अजिंठ्याच्या चित्रकारांनी छटा गडद करत, नाकावर, ओठांवर, हनुवटीवर फिकट उजाळे देऊन भिंतीवरचे चेहरे गोलाईत आणले. विष्णुधर्मोत्तर पुराणातलं चित्रसूत्र अशा छायांकनाला वर्तना म्हणतं आणि रेषांनी व ठिपक्यांनी ती साधण्याचे तीन प्रकार सांगतं. वाशीममधल्या डिझायनरला हे कोणीतरी सांगायला हवं. तो याच वाटेवरचा आहे.

छपाईला मात्र पडद्यावरचं सोनं मंदावतं. पडदा स्वतः उजेड देतो, शाई तो शोषते, त्यामुळे झगझगीत पिवळा फ्लेक्सवर फिका पडतो. अनुभवी डिझायनर पिवळा वाढवत बसत नाही. तो तपकिरी आणखी गडद करतो, उजाळ्याची पट्टी अरुंद करतो, तिथे शाई जवळजवळ लागू देत नाही आणि कोरा पांढरा फ्लेक्स चमकू देतो.