गिटारची मान सरळ हवी

आष्टी म्हटलं की कुणाला बीडची आठवते, कुणाला वर्ध्याची. इथे बोलायचं आहे ते जालना जिल्ह्यातल्या, परतूर तालुक्यातल्या आष्टीबद्दल. अशा गावातल्या पोराला भीमजयंतीच्या किंवा गणपतीच्या स्टेजवर, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायची असेल, तर घरून दहा-पंधरा हजारांपलीकडे पैसे सहसा निघत नाहीत. तेवढ्यात मिळणारी गिटार शिकण्यापुरती असते, स्टेजसाठी महागडीच लागते, असं त्याला सांगितलं जातं. मला हे पटत नाही. स्वस्त गिटार स्टेजवर नक्की उभी राहते, फक्त ती वेगळ्या नजरेने निवडावी लागते. जे भाग पुढे बदलता येणार नाहीत ते डोळ्यांत तेल घालून तपासायचे आणि जे बदलता येतात त्यांचा हलकेपणा निमूटपणे चालवून घ्यायचा. दुकानात बहुतेक वेळा उलटं घडतं. रंग आवडतो, ॲम्पमधून निघालेला मोठा आवाज आवडतो आणि वाकड्या मानेची गिटार घरी येते.

ही नजर इलेक्ट्रिक गिटारच्या जन्मातच आहे. लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये १९३८ साली त्यांनी दुकान टाकलं. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण बिघडलेली वस्तू दुकानात परत येते तेव्हा काय होतं हे ते रोज बघत होते. १९५०मध्ये त्यांनी बाजारात आणलेली आणि पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखली गेलेली गिटार म्हणूनच खोलता-जोडता येणारी होती. तिची मान बॉडीला चार स्क्रूंनी जोडलेली, खराब झाली की काढून दुसरी लावता येईल अशी. १९५४मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. आजच्या स्वस्त गिटारींपैकी बऱ्याचशा याच दोन नमुन्यांवर बेतलेल्या असतात आणि आपल्या दृष्टीने त्यांचा सगळ्यात मोठा गुण हाच, की त्यांचे सुटे भाग ठरलेल्या मापाचे मिळतात. त्यातला पिकअप म्हणजे तरी काय? चुंबकाभोवती केसाहून बारीक, साधारण ०.०६३ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादी तार त्यावर थरथरली की कॉइलमध्ये वीज उमटते. विहिरीवरच्या मोटारी भरून देणाऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावं लागत नाही आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्याचा सोल्डरिंगचा हात तर गिटारच्या वायरिंगला लागतो त्यापेक्षा कितीतरी नाजूक असतो.

स्वस्त वाद्य घेऊन त्याला मिरवणुकीचा आवाज देण्याचं काम महाराष्ट्राने फार पूर्वीच करून दाखवलं आहे. जपानमध्ये नागोया शहरात १९१२ साली मोरिता गोरो यांनी ताईशोगोतो नावाचं बटणांचं तंतुवाद्य तयार केलं. त्याचाच भारतीय अवतार म्हणजे बुलबुलतरंग. घरात बसून वाजवायचं, नाजूक आवाजाचं हे वाद्य. आपल्याकडच्या वादकांनी त्याला पिकअप बसवले, ॲम्प्लिफायरला जोडलं, आणि तेच बँजो म्हणून गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाच्या बरोबरीने गाजू लागलं. रवी जाधव यांनी २०१६मध्ये 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला तो याच वादकांवर. त्यांनी महाग वाद्याची वाट पाहिली नाही. गिटारवाल्याने हाच कित्ता गिरवावा.

आता दुकानातली तपासणी. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मान. गिटार बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरून मानेच्या कडांवरून नजर फिरवायची. किंचित कमान असेल तर हरकत नाही, मानेच्या आत ट्रस रॉड नावाची पोलादी कांब असते, ती पाव-पाव फेरा फिरवून कमान कमी-जास्त करता येते. पीळ असेल तर मात्र गिटार तिथेच ठेवायची, पीळ कुठल्याही स्क्रूने निघत नाही. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी बघावं. तार आणि फ्रेट यांच्यात जाड कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असावी. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून स्वर काढायचा. दुकानदार कंटाळला तरी चालेल. एकाच जागी खरखर झाली तर त्याच्या पुढचा एखादा फ्रेट वर आला आहे, आणि सगळे फ्रेट घासून समतल करणं हे काम स्वस्त गिटारच्या किमतीला परवडणारं नसतं. बॉडीची जाडीही मोजावी. नेहमीच्या ४५ मिलिमीटरऐवजी काही गिटारी ४० मिलिमीटरच्या आसपास असतात, त्यांत पुढे चांगला ब्रिज किंवा आवाज कमी-जास्त करणारे मोठे पॉट बसत नाहीत. लाकूड कुठलं, याला मी शेवटचं स्थान देईन.

घेतल्यावर पैसे कुठे घालायचे? बहुतेकांना नवे पिकअप बसवण्याची घाई असते. माझ्या मते आधी स्वर स्थिर झाला पाहिजे. आपल्या ऑर्केस्ट्रात गिटारशेजारी कीबोर्ड असतो, आणि कीबोर्ड कधी उतरत नाही. गिटार पाव स्वराने उतरली तरी ऐकणाऱ्याच्या कानाला ते बोचतं. नऊच्या गेजच्या, म्हणजे जाडीच्या, सहा तारा मिळून मानेवर साधारण ३८ किलोचा ताण देतात, दहाच्या गेजच्या ४६च्या आसपास. एवढ्या ताणाखाली तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाकडच्या पट्टीच्या, खाचेत अडकली की तार ताणणारी चावी कितीही चांगली असो, स्वर हलणारच. म्हणून आधी नटच्या खाचा नीट करून घ्याव्यात. शिसपेन्सिलीचं टोक त्या खाचांत घासलं तरी फरक पडतो. हलणारा ट्रेमोलो ब्रिज स्वस्त असेल तर मागून लाकडाचा तुकडा ठोकून तो घट्ट करून टाकावा. त्यानंतर चाव्या, त्यानंतर जॅक. ऐन गाण्यात आवाज गेला की दोष पुष्कळदा या छोट्याशा जॅकचाच निघतो. मराठवाड्याचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो, कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं मानेबाहेर बोटाला टोचू लागतात. मग पावसाळ्यात तीच मान पुन्हा फुगते आणि तिची कमान बदलते. ट्रस रॉडची चावी गिटारच्या पिशवीत कायम असावी ती यासाठी.

पिकअपची पाळी यानंतर. मांडवातलं जनरेटर, दिव्यांच्या माळा, डिमर हे सगळं एका कॉइलच्या पिकअपमध्ये घूं असा आवाज भरतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि कॉइल ती ॲन्टेनासारखी पकडते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५च्या सुमारास दोन कॉइल उलटसुलट जोडून ही घूं एकमेकींत मारून टाकली, तोच हंबकर. निदान ब्रिजपाशी हंबकर असलेली गिटार गावच्या स्टेजला सोयीची. आतल्या पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तो अर्थला जोडला तरी पुष्कळ शांतता येते. आणखी एक खर्च लोक विसरतात. आपल्याकडे गिटार बऱ्याचदा सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये खुपसली जाते. गिटारच्या पिकअपला जवळपास दहा लाख ओहमचं इनपुट लागतं, मिक्सरचं लाइन इनपुट दहा-वीस हजारांचं असतं, त्यामुळे आवाज मातकट होतो आणि दोष गिटारच्या माथी येतो. मध्ये गिटारचा आवाज मिक्सरला जुळवून देणारा डीआय बॉक्स किंवा साधा मल्टिइफेक्ट ठेवला तर तीच गिटार ओळखू येत नाही.

अर्थिंगबद्दल मात्र तडजोड नाही. गिटारच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. ॲम्प एका जोडणीवर आणि माइक दुसऱ्या खराब जोडणीवर असला, तर तारांवर हात आणि ओठाशी माइक, या दोहोंच्या मधून वीज वाहते. ३ मे १९७२ रोजी इंग्लंडपलीकडच्या वेल्समध्ये, स्वान्सी इथे, लेस्ली हार्वे हा गिटारवादक असाच स्टेजवर विजेच्या धक्क्याने मरण पावला. सगळी साधनं एकाच बोर्डावरून घेणं, ३० मिलिॲम्पिअरचा ट्रिप होणारा ब्रेकर लावणं आणि गाण्याआधी माइक व तारा यांच्यामध्ये मल्टिमीटर धरून बघणं, एवढं कुठल्याही पिकअपच्या आधी झालं पाहिजे.

यावर आक्षेप येतो की हलक्या लाकडाच्या गिटारवर पैसे घालून आवाज येणार कुठून? एडी व्हॅन हेलन यांनी पन्नास डॉलरची बॉडी आणि ऐंशी डॉलरची मान जोडून, दुसऱ्या गिटारचा पिकअप तीत बसवून जी गिटार केली, ती त्यांच्या १९७८च्या पहिल्या अल्बमवर वाजली. ब्रायन मे आणि त्यांच्या वडिलांनी १९६३मध्ये जुन्या शेकोटीच्या चौकटीचंही लाकूड वापरून गिटार घडवायला घेतली, तीच पुढे क्वीन बँडच्या स्टेजवर राहिली. दोघांचे हात असामान्य होते हे खरं, पण लाकूड आड आलं नाही हेही तितकंच खरं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सुधारलेली गिटार विकताना घातलेले पैसे परत मिळत नाहीत. नाहीत मिळत. म्हणून बॉडीला नवं छिद्र न पाडता बसतील असेच भाग घ्यावेत आणि काढलेले मूळ पिकअप, चाव्या, जॅक एका डब्यात जपून ठेवावेत. विकायची वेळ आली की जुने भाग परत जागेवर जातात आणि नवे भाग पुढच्या गिटारमध्ये.