दुर्बिणीचा खर्च अणूच्या खात्यावर

नारायणगावहून टोमॅटोच्या वावरांमधून खोडदकडे निघालं की आभाळाकडे तोंड केलेल्या प्रचंड थाळ्या दिसू लागतात. एकेक 45 मीटर व्यासाची, आणि अशा 30, सुमारे 25 किलोमीटरांत विखुरलेल्या. ही जीएमआरटी, म्हणजे रेडिओ दुर्बीण. अब्जावधी वर्षांपूर्वी हायड्रोजनमधून निघालेल्या क्षीण लहरी टिपायच्या, हा तिच्या उभारणीमागचा एक मोठा हेतू. आता गंमत पाहा: हिचा खर्च येतो अणुऊर्जा विभागाकडून! आकाशगंगांचा आणि अणुभट्टीचा संबंध काय?

संबंध भौतिकशास्त्रज्ञ होमी भाभांचा. 1944 मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं आणि पुढच्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या लेखी अणुशक्ती अगदी वरच्या पायरीवर होती. 1954 मध्ये अणुऊर्जा विभाग निघाला तो थेट पंतप्रधानांच्या हाताखाली, सचिव खुद्द भाभा. 1958च्या ठरावाने अणुऊर्जा आयोगाला मंजूर तरतुदीत खर्चाचे पूर्ण अधिकार मिळाले. सरकारी फाइलीमागे हिंडलेल्या माणसाला याचं मोल सांगायला नको. या वडाच्या सावलीत मग काय काय वाढलं! टीआयएफआरमधलं शुद्ध गणित, जीवशास्त्र, रेडिओ खगोलशास्त्र आणि त्यातूनच ही जीएमआरटी; 1962 पासून परळचं टाटा मेमोरियल रुग्णालयसुद्धा. अवकाश संशोधनाची पहिली समितीही त्याच साली याच विभागाने नेमली.

सावली होती, तरी हात सैल नव्हता. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी जीएमआरटीच्या थाळ्या भरीव पत्र्याच्या केल्याच नाहीत. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादी तारांची जाळी दोरखंडांवर ताणून बसवली. वारा आरपार जातो, पण लांब रेडिओ लहरींना ती जाळी आरशासारखी अडवते. थाळी हलकी, म्हणून खांब हलका, म्हणून खर्च कमी. मला तर दुर्बिणीने टिपलेल्या आकाशाइतकीच ही जाळी थक्क करते.

पण अग्रक्रम ठरला की कुणीतरी मागे राहतंच. संशोधन विद्यापीठांतच व्हावं, असा भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचा आग्रह होता. पैसा आणि माणसं मात्र स्वतंत्र संस्थांकडे गेली, आणि बहुतेक विद्यापीठं शिकवण्या-परीक्षांत अडकली. तीच दरी बुजवण्याचा मनसुबा 2023च्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान कायद्यामागे आहे. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपयांची योजना, त्यातले सुमारे 36,000 कोटी सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून येतील अशी अपेक्षा. आता उद्योगांना हायड्रोजनच्या जुन्या लहरींत किती रस वाटेल, हा प्रश्न उरतोच.