सुरगाण्याचे डोंगर आणि दोन दिशांचे पाणी

नाशिक जिल्ह्याच्या वायव्येस, गुजरातच्या सीमेला लागून सुरगाणा तालुका आहे. येथील डोंगर बेसॉल्टचे, म्हणजे काळ्या दगडाचे आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हा वारंवार बाहेर आला आणि थरावर थर साचले. यातील काही थर घट्ट, तर काही सच्छिद्र व ठिसूळ आहेत. ठिसूळ थर लवकर झिजतो, घट्ट थर टिकून राहतो. त्यामुळे सपाट माथा, उभा कडा आणि पायऱ्यांसारखे उतार तयार होतात. सापुताऱ्याच्या वाटेवरील हातगड किल्ल्याला अशाच कड्यांचे नैसर्गिक संरक्षण लाभले आहे.

केळावणजवळचा भिवतास धबधबाही याच भूरचनेत आहे. कड्यावरून कोसळणारे पाणी पायथ्याचा खडक पोखरते, आधार सुटलेला वरचा भाग ढासळतो आणि धबधबा कालांतराने मागे सरकत जातो.

याच परिसरातील केमच्या डोंगररांगेत पाण्याच्या वाटा वेगळ्या होतात. तेथे उगम पावणारी गिरणा पूर्वेकडे वळून मालेगाव, चाळीसगाव परिसरातून पुढे तापीला मिळते. नार आणि पार या नद्या मात्र पश्चिमेकडे उतरतात; पारचे पाणी वलसाड जिल्ह्यात अरबी समुद्राला मिळते. पश्चिम उताराला समुद्र जवळ असल्याने प्रवाहांना वेग अधिक असतो आणि दऱ्या खोल कोरल्या जातात. या भागातील धबधबे पावसाळ्यात भरभरून वाहतात, उन्हाळ्यात मात्र त्यांची धार क्षीण होते.