वेबसाईट काढली, पण गिऱ्हाईकाला सापडते का?



ऊस रोपवाटिका हा आपल्या भागात चांगला जोडधंदा झाला आहे. बऱ्याच सभासदांच्या घरची शिकलेली मुले त्यात पडली आहेत आणि काहींनी वेबसाईटही काढल्या आहेत. वेबसाईट काढली म्हणजे रस्त्यावर बोर्ड लावला, अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाही. बोर्ड येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. वेबसाईट शोधणाऱ्यालाच दिसते, आणि तीही गूगलने दाखवली तर.

आमच्याच घरचे सांगतो. मुलाने एका जाणकाराकडून रोपवाटिकेची वेबसाईट करून घेतली. फोटो झकास, रंग झकास. आडसालीसाठी जूनमध्ये ट्रे भरले. जुलै संपला तरी वेबसाईट पाहून एकही फोन नाही. रोपे महिन्याच्या वर गेली, ट्रेमध्ये मुळ्या गुंतल्या, शेवटी मिळेल त्या भावाने द्यावी लागली. मागाहून कळले ते असे : वेबसाईटचे काम चालू असताना वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये ‘सर्च इंजिनने नोंद घेऊ नये’ अशा अर्थाची खूण करून ठेवली होती, ती काढायचीच राहिली. दुकान मांडले, पण शटर वर केलेच नव्हते! अशी पाळी दुसऱ्यावर येऊ नये म्हणून हा लेख.

गूगलचे काम कसे चालते?

आपल्या कारखान्याची पद्धत आठवा. आधी चिटबॉय शिवारात फिरतो, मग उसाची नोंद होते, मग तोडीचा क्रम लागतो. नोंदच नसेल तर ऊस कितीही जोमदार असो, तोडचिठ्ठी मिळत नाही. गूगलचेही तीन टप्पे आहेत. पहिला, त्याचा संगणकी प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर असा फिरत राहतो. दुसरा, पाहिलेल्या पानात काय आहे त्याची नोंद करतो. तिसरा, कोणी काही शोधले की नोंदीतली योग्य पाने क्रमाने लावून दाखवतो.

यांतल्या कोणत्याही टप्प्यासाठी गूगल पैसे घेत नाही. वर ‘प्रायोजित’ असे लिहिलेल्या जाहिराती दिसतात, त्यांचे पैसे वेगळे. जाहिरात दिली म्हणून खालच्या यादीतला आपला नंबर वर सरकत नाही.

आधी नोंद तपासा

मोबाइलवर गूगल उघडा. इंग्रजी अक्षरांत ‘साइट’ हा शब्द, त्याला जोडून विसर्गासारखी दोन टिंबे, आणि मध्ये जागा न सोडता आपल्या वेबसाईटचा पत्ता टाका. आपली पाने दिसली तर नोंद आहे. काहीच आले नाही तर बहुधा कुठेतरी अडले आहे.

पुढचे काम ‘गूगल सर्च कन्सोल’ या मोफत सेवेत करायचे. वेबसाईट आपलीच असल्याची खात्री तिथे पटवून द्यावी लागते. मग ‘साइटमॅप’ म्हणजे आपल्या पानांची यादी द्यावी आणि मुख्य पानाची नोंद घ्यावी अशी विनंती करावी. कोणते पान कशामुळे नोंदीबाहेर राहिले, लोकांनी कोणते शब्द टाकले तेव्हा आपण दिसलो, आणि त्यांतल्या किती जणांनी पान उघडले, हे सगळे तिथे कळते.

गिऱ्हाईकाच्या तोंडचे शब्द लिहा

‘दर्जेदार सेवा, हीच आमची परंपरा’ असे कोणी गूगलवर शोधत नाही. शेतकरी शोधतो ‘८६०३२ ऊस रोपे’, ‘फुले २६५ रोप दर’, ‘जवळची ऊस रोपवाटिका’. म्हणून प्रत्येक जातीचे वेगळे पान करावे. त्यात रोपाचे वय, बेणे कोणत्या मळ्यातले, एकरी किती रोपे लागतात, पोच कोणत्या तालुक्यांत आणि आगाऊ नोंदणी कशी करायची हे साध्या मराठीत लिहावे. पानाच्या शीर्षकात नुसते ‘मुख्यपृष्ठ’ नको. जात, माल आणि गाव यावे.

दरपत्रकाचा नुसता फोटो टाकू नका. तोच मजकूर अक्षरांतही लिहा, म्हणजे नोंद नीट होते. तोच शब्द पन्नासदा घुसडण्याचाही उपयोग नाही. उलट तोटाच होतो. पानाच्या आत ‘कीवर्ड’ची छुपी यादी देण्याची जुनी रीत काही जण अजून सांगतात, पण क्रम लावताना ती यादी आपण पाहत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. वेबसाईट मोबाइलवर नीट दिसलीच पाहिजे. २०२३ पासून गूगल नोंदीसाठी मुख्यतः मोबाइलवरचेच रूप पाहते.

नकाशावरची जागा

रोपे लांबून कोणी मागवत नाही. म्हणून ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ ही मोफत नोंद आपल्यासाठी फार मोलाची. पत्ता, फोन, वेळ आणि रोपवाटिकेचे खरे फोटो द्यावेत. धंद्याचे खरे नावच टाकावे, त्याला ‘स्वस्त’, ‘नंबर एक’ अशी शेपटे जोडू नयेत. जवळच्यांत कोणाला वर दाखवायचे हे ठरवताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी पाहते : शोधाशी मेळ, अंतर आणि प्रसिद्धी. रोपे नेलेल्या शेतकऱ्याला अभिप्राय लिहायला जरूर सांगा. पैसे किंवा सूट देऊन मात्र लिहवून घेऊ नका.

‘पहिला नंबर लावून देतो’

असे सांगणारे फोन आता रोज येतात. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल सुरू केली तेव्हा, ज्या पानाकडे दुसरी चांगली पाने बोट दाखवतात ते पान वजनदार, असा त्यांचा हिशेब होता. मग लोकांनी अशा लिंक विकायचा धंदा मांडला. २०१२ पासून गूगलने त्यावर कडक चाळणी लावली. विकत घेतलेल्या लिंकमुळे पान खाली जाऊ शकते. पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगते.

आणखी एक. वेबसाईटचा पत्ता, म्हणजे डोमेन, आपल्याच नावावर घ्या. पासवर्ड घरात ठेवा आणि नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. करणाऱ्याच्या नावावर डोमेन राहिले तर जमीन आपण कसायची आणि सातबारा दुसऱ्याचा, अशी गत होते.

कधी सुरुवात करावी?

आज केले आणि उद्या फोन आले असे होत नाही. जाणकाराकडून काम करून घेतले तरी फळ दिसायला बहुधा चार महिने ते वर्ष लागते, असे गूगलच्याच मार्गदर्शनात म्हटले आहे. म्हणजे जुलै-ऑगस्टच्या आडसालीसाठी रोपे विकायची असतील तर पाने फेब्रुवारीच्या आत तयार पाहिजेत. ट्रे भरल्यावर जागे होऊन चालत नाही. आम्ही ते शिकलो, पण रोपे गमावून.

या अंकाची घडी घालण्यापूर्वी मुलाला किंवा सुनेला हाक मारा आणि वर सांगितलेली नोंद तेवढी तपासून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.