तावाचे माप

कागदाची नासाडी केराच्या टोपलीत होते असा सर्वसाधारण समज आहे. परंतु जालन्यातील एखाद्या छापखान्यात कटाईच्या यंत्रापाशी घटकाभर उभे राहून पाहिले म्हणजे ध्यानात येते की, ती त्याच्या कितीतरी आधी, मांडणी करणाऱ्याने पानाची लांबी-रुंदी मुक्रर केली त्याच क्षणी होऊन चुकलेली असते.

बदरीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे ‘महिको’ या बियाणे कंपनीची स्थापना केल्यापासून जालना हे बियाण्यांचे गाव म्हणून सर्व मुलखात ओळखले जाऊ लागले, आणि म्हणून मृगाच्या अगोदरचे दिवस हे येथील मुद्रकांच्याही लगबगीचे दिवस असतात. अशाच एका हंगामात मी पाहिलेले काम पत्रकांचे होते. वीस बाय तीस इंचांचा, छापखान्यात ज्याला डबल क्राउन म्हणतात तो ताव, कारागिराने टेबलावर पसरला आणि त्यावर पट्टी ठेवून मला हिशेब दाखविला. तावाचे आठ समान भाग केले म्हणजे प्रत्येक भाग साडेसात बाय दहा इंचांचा येतो. यंत्राच्या चिमट्याला धरावयास आणि कडा सारख्या करावयास जागा सोडली की सव्वासात बाय साडेनऊ इंचांचे पत्रक सुखाने हाती पडते. हेच पत्रक, संगणकाच्या पडद्यावर ऐसपैस दिसावे एवढ्याच सबबीवर, कोणी आठ इंच रुंद केले तर त्याच तावातून आठांऐवजी सहाच निघतात, आणि तावाचा जवळजवळ चौथा हिस्सा पट्ट्या होऊन पात्याखालून खाली पडतो. चोवीस हजार पत्रकांना पहिल्या मापाने तीन हजार ताव, म्हणजे पाचशे तावांच्या सहा रिमा लागतात. दुसऱ्या मापाने आठ. साठ ग्रॅमचा साधा कागद धरला तरी पाऊण इंचाच्या या हौसेपायी तेवीस किलो कागद अधिक खर्ची पडतो, आणि वाचणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात त्यामुळे एक अक्षरही जास्त पडत नाही.

तथापि काटकसर म्हणजे मजकुराची दाटी नव्हे. मजकूर कोंबून भरलेले पत्रक कोणी वाचीत नाही, आणि न वाचलेले पत्रक हे तर संपूर्णच वाया गेलेले असते. या बाबतीतील शिकवण या जिल्ह्याला शोधावयास दूर जावे लागत नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीच लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. अक्षर वाटोळे व सारखे असावे, ओळी सरळ असाव्यात, आणि पानाच्या चारी बाजूंना जागा सोडून मधोमध लिहावे, म्हणजे काळाने कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहील, असा त्यांचा उपदेश आहे. कागद दुर्मिळ असताना सांगितलेली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण समास सोडणे हा येथे अपव्यय न ठरता ग्रंथाच्या दीर्घायुष्याची तजवीज ठरते. कोणती रिकामी जागा पानाच्या उपयोगाची आणि कोणती फाजील, हा विवेक हेच मांडणीकाराचे खरे कौशल्य होय.

हा विवेक लग्नपत्रिकेच्या बाबतीत आपण सर्वांनीच सोडून दिला आहे, हे मात्र खेदाने म्हणावे लागते. छापखान्याच्या कोपऱ्यातील एक फेटाळलेली पत्रिका मी हाताने फाडून पाहिली. कागद सहज फाटला, पण त्यावरचा झिलईचा पापुद्रा रबरासारखा ताणला जाऊन लोंबत राहिला. कागदाचा पुन्हा कागद करावयाचा तर तो पाण्यात भिजून त्याचे तंतू सुटे व्हावे लागतात. प्लास्टिकचा पापुद्रा चिकटलेल्या बाजूने ते नीट सुटत नाहीत. आतबाहेर दोन पाकिटे आणि वर हा पापुद्रा, आणि एवढ्या थाटात मुख्य मजकूर तो काय, तर दोन कुळांची नावे, तिथी, मुहूर्त आणि स्थळ. एकाच जाड कार्डाच्या दोन्ही अंगांवर हा मजकूर उत्तम शोभतो, आणि घडी घालून पाठीवर पत्ता छापला तर पाकिटाचेही प्रयोजन उरत नाही.

छपाई सुरू होताना शाई व रंगांची जुळणी साधेपर्यंत काही ताव खर्ची पडणारच. तेवढे मुद्रकाला माफ आहे, आणि चांगला मुद्रक ते पाठकोरे ताव पुढच्या कामाच्या जुळणीसाठी राखून ठेवतो. बाकीचे माप मात्र गिऱ्हाइकाच्या हाती आहे. तेव्हा पुढच्या खेपेस लग्नाची, जयंतीची वा दुकानाची छपाई काढाल त्या वेळी चित्रे, रंग आणि सोनेरी अक्षरे यांविषयी बोलण्यापूर्वी मुद्रकाला एवढे अवश्य विचारा, की त्याच्यापाशी ताव कोणत्या मापाचा आहे आणि त्यातून आपली पाने किती निघतील.