पाठीवरचा कॅमेरा

सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ ते १८६६ या काळात तीनदा हिमालयात हिंडला, तेव्हा त्याच्यामागून हमालांची लांबच लांब रांग चालत असे. त्या काळी काचेवर रसायनाचा लेप द्यावा, तो ओला असतानाच चित्र घ्यावे आणि तत्क्षणी काळोख्या तंबूत ते धुऊन काढावे, अशी रीत होती. कॅमेऱ्याबरोबर सारी प्रयोगशाळाच डोंगर चढत असे म्हणा ना! १८६६ साली मणिरंग खिंडीत सुमारे १८,६०० फुटांवर बोर्नने चित्रे घेतली. त्या चित्रांखाली नाव बोर्नचे असते. पेट्या वाहणाऱ्यांचे नसते.

हे ओझे उतरविण्याचे श्रेय पुष्कळ अंशी ऑस्कर बार्नाक या जर्मन यंत्रज्ञाकडे जाते. त्याला दम्याचा विकार होता. छायाचित्रणाची हौस दांडगी, पण जड कॅमेरा घेऊन टेकड्या चढणे छातीला झेपेना. १९१४ च्या सुमारास त्याने चित्रपटाच्या फितीवर चालणारा एक चिमुकला कॅमेरा तयार केला आणि १९२५ मध्ये तो ‘लायका’ या नावाने बाजारात आला. त्याची चौकट ३६ × २४ मिलिमीटरची होती. आजच्या ज्या कॅमेऱ्यांना ‘फुल फ्रेम’ म्हणतात, त्यांच्या सेन्सरचे मापही तेच आहे.

मात्र ओझे एकदा हलके झाले, म्हणून ते हलकेच राहिले असे नव्हे. फुल फ्रेम कॅमेरा सुमारे ७०० ग्रॅम, एफ/२.८ छिद्राचे मध्यम झूम भिंग ८०० ग्रॅम, विस्तीर्ण दृश्याचे भिंग ५०० ग्रॅम आणि दूरचे टिपणारे जड भिंग १,४०० ग्रॅम. तिपाई न धरताही बेरीज साडेतीन किलोंच्या घरात जाते. उलट, त्याहून लहान, म्हणजे एपीएस-सी मापाच्या सेन्सरचा कॅमेरा ४०० ग्रॅमचा, त्याचे साधे झूम भिंग ३०० ग्रॅमचे आणि दूरचे भिंग ६०० ग्रॅमच्या आतले मिळू शकते. दोन्हींत दोन किलोंचे अंतर आहे. दोन किलो म्हणजे दोन लिटर पाणी. बारा हजार फुटांवर श्वास अपुरा पडू लागला, की या हिशेबाचा अर्थ खांद्यांना कळतो.

या जास्तीच्या दोन किलोंच्या मोबदल्यात काय हाती येते? मोठ्या सेन्सरचे क्षेत्रफळ लहानाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे अंधुक प्रकाशात त्याचे चित्र अधिक स्वच्छ येते, हे खरेच. परंतु एफ/२.८ च्या मोठ्या छिद्रासाठी जे वजन वाहिले जाते, त्याचा निसर्गदृश्यांत फारसा उपयोग होत नाही. पायाजवळच्या दगडापासून क्षितिजावरच्या शिखरापर्यंत सारे रेखीव यावे म्हणून छायाचित्रकार छिद्र लहानच ठेवतो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटरचे भिंग लावून छिद्र एफ/८ ठेवले आणि २ मीटरवर नेम साधला, तर साधारण १ मीटरपासून थेट अनंतापर्यंत सर्व काही स्पष्ट येते. छिद्र त्याहून फारच लहान केले, तर प्रकाशकिरण कडेशी वळतात आणि चित्र उलट मऊ पडते. रात्रीचे तारे टिपावयाचे असतील, तर मोठ्या छिद्राला पर्याय नाही. ज्याला त्यांचा छंद नाही, त्याने हे वजन निःशंक घरी ठेवावे.

तथापि कोणता कॅमेरा, हा प्रश्नच मुळी नंतरचा. आधी विचारावयाचे ते हे की, वाट कोणती आणि त्या वाटेवर पहाटे पावले कोठे असणार? उत्तराखंडातील फुलांच्या घाटीचे उदाहरण घ्यावे. १९३१ साली कामेत शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथची तुकडी या घाटीत उतरली आणि पुढे त्याच्या पुस्तकाने ती जगाला माहीत झाली. आज तेथे मुक्कामास मनाई आहे. प्रवासी घांघरियाला राहतो, सकाळी फाटक उघडल्यावर आत जातो आणि संध्याकाळच्या आत परततो. म्हणजे अरुणोदय आणि सूर्यास्त, ज्यांच्यासाठी तिपाई वाहून न्यावयाची, ते दोन्ही घाटीत लाभतच नाहीत. फुले जुलै-ऑगस्टची, पावसातली. ती वाऱ्याने सतत डोलत असतात आणि डोलणारे फूल तिपाईने स्थिर होत नाही, त्याला जलद झडपच हवी. येथे पावसाला दाद न देणारा कॅमेरा, विस्तीर्ण दृश्यापासून मध्यमापर्यंत पोहोचणारे एकच झूम भिंग आणि ओल्या पानांवरची चकाकी काढून टाकणारी ध्रुवीकरणाची काच, एवढ्यावर भागते. भरपावसात भिंग बदलण्याची पाळी येऊ नये, हे सर्वांत महत्त्वाचे.

दार्जिलिंगजवळचे सांदकफू मात्र याच्या नेमके उलट. ३,६३६ मीटर उंचीच्या त्या कड्यावरून कांचनजंगा पहाटे पाहावयाची असते. पायाशी अजून काळोख असताना शिखरे तांबूस होतात आणि तो रंग पाहता पाहता उडून जातो. विस्तीर्ण भिंगातून ही पर्वतरांग बोटभर पांढऱ्या रेघेसारखी दिसते, आणि कित्येकांची निराशा नेमकी येथे होते. दूरचे भिंग आणि तिपाई येथेच सार्थकी लागतात. कड्यावर वारा असतो. तिपाईच्या मधल्या आकड्याला सॅक अडकवली, की हलकी तिपाईही नेट धरते. (सांदकफूला जीपही जाते, हे पायी चालणाऱ्यांना फारसे सांगितलेले आवडत नाही.)

आपल्याला न पेलणारी पेटी हमालाच्या किंवा खेचराच्या पाठीवर द्यावी, ही सोय आजही आहे. परंतु ती पेटी बहुधा पुढच्या मुक्कामी पोहोचलेली असते आणि ढग फाटतात ते वाटेत. खांद्याच्या पट्ट्याला छातीशी अडकविलेला लहान कॅमेरा त्या क्षणी हाताशी असतो. सॅकच्या तळाशी कपड्यांत गुंडाळलेला उत्तम कॅमेरासुद्धा नसतो. ज्याला एवढेही जड वाटेल, त्याने बरा मोबाइल फोन न्यावा. भर उजेडातील विस्तीर्ण दृश्ये तोही चांगली टिपतो.

वजनात जे वाचेल, त्यातून दोन बॅटऱ्या मात्र जास्त घ्याव्यात. थंडीत त्यांची शक्ती झपाट्याने उतरते, म्हणून रात्री त्या निजावयाच्या पिशवीत अंगाशी ठेवतात. कॅमेऱ्याला मात्र ही ऊब देऊ नये. बाहेरच्या गारठ्यातून तो उबदार खोलीत आणला, की भिंगावर दव धरते. आत येण्यापूर्वी तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि खोलीइतकाच उबदार होईपर्यंत पिशवी उघडू नये.